दहाचा भोंगा

सोमवार, ३ मार्च

पोचलो एकदाच्या! बसने फाट्यावर सोडलं आणि तिथून खाणीच्या ट्रकमधून आलो. मी, चिंगी, एक ट्रंक आणि वहिनीने दिलेली गादी. चिंगी आठ महिन्यांची. तिला ट्रकचं स्टिअरिंग इतकं आवडलं की ड्रायव्हर बिचारा अर्धा रस्ता एका हाताने तिचे हात बाजूला करत होता.

गाव म्हणजे सगळं करडं. घरं करडी, झाडांची पानं करडी, कुत्रीसुद्धा करडी. कपडे दोरीवर आहेत म्हणून धुतलेले असावेत असा नुसता अंदाज करायचा. पण पाळणाघर बघून जीव हरखला. पिवळाधमक रंग नुकताच दिलाय, अजून वास येतो. लांबलचक एकच खोली, दोन्ही बाजूंना सहा-सहा पाळणे, मागे एक नळ, त्याच्या मागे आमची खोली. आमची! वर्षभर दादाकडे होते. चिंगीचे बाबा ती पोटात असतानाच तापाने गेले, मग कुठे जाणार? दादा-वहिनी वाईट नाहीत. पण दोन खोल्यांत सात माणसं, त्यात हिचं रडणं. वहिनी तोंडाने कधी काही बोलली नाही, भांडी मात्र जोरात ठेवायची.

इथे भांडी मी ठेवणार. हळू.

निवडणीच्या आवारातला मुकादम सामान उतरवून द्यायला आला होता. गोल गरगरीत माणूस, हातात सदा छत्री. म्हणाला, आमच्या बायका दिवसभर पट्ट्यावरून येणाऱ्या कोळशातले दगड वेचतात, त्यांची पोरं आता तुमच्या हवाली. आजवर शिकलेली बाई इथे टिकली नाही, असंही म्हणाला. मी म्हटलं, मी टिकेन, मला परत जायला जागाच नाही. तो हसला. मी काही विनोद केला नव्हता.

बुधवार, ५ मार्च

अकरा बाळं, आणि चिंगी बारावी. खरी नावं पाठ व्हायला वेळ लागेल, तोवर मी आपली नावं ठेवलीत. ढब्बू, रडूबाई, वकील (हा सारखा हातवारे करतो), झोपाळू वगैरे. ढब्बू सगळ्यांत गोड. मांड्यांना वळ्या, आणि कुणीही दिसलं की दोन्ही हात वर.

दहाला भोंगा होतो आणि आया पाजायला येतात. मग पुन्हा एकला. अर्धा-अर्धा तास. आवारापासून इथवर चालत आठ मिनिटं लागतात, म्हणजे पाजायला जेमतेम पाव तास. येतात त्या पळतच. डोक्याला फडकी गुंडाळलेली, तोंडं काळीठिक्कर, फक्त डोळे आणि दात दिसतात. नळावर हात-छाती धुतात आणि भिंतीकडे तोंड करून ओळीने बसतात. काल मी वकिलाला झोपाळूच्या आईच्या मांडीवर दिलं. तिनेही घेतलं! चांगली दोन मिनिटं पाजल्यावर तिच्या लक्षात आलं, ‘अहो ताई, याला दोन दात आहेत, माझ्याला एकच.’ सगळ्या इतक्या हसल्या की रडूबाईसुद्धा गप्प झाली. ढब्बूची आई सगळ्यांत जास्त हसते. तिला मी हसरी म्हणते.

मदतीला मावशी आहे. साठीची असेल. मूर्ती लहान, डोक्यावर मधोमध टक्कल, टोपल्या वाहून पडलेलं. कामाला वाघ. फक्त एका गोष्टीवरून तिचं-माझं वाजलं. मागच्या अंगणात सिमेंटचा मोठा चौकोनी ओटा आहे, ऊन मस्त लागतं, मी त्यावर लंगोट वाळत घातले. मावशीने एकेक करून सगळे उचलले आणि दोरीवर टाकले. का, तर म्हणे तिथे वाळत नाहीत. रणरणत्या उन्हात? पण खरंच, हाताला ओलेच लागले.

सोमवार, १० मार्च

आज कसल्याशा सणाची सुट्टी. मावशीला बोलतं केलं. तिला गावाची सगळी जन्मकथा ठाऊक आहे.

पहिली माणसं चालत आली, डोक्यावर बोचकी घेऊन. पत्र्याच्या चार रांगा, एक विहीर, तिचं पाणीही काळपट. पुरुष कोळसा फोडायचा, त्याची बायको टोपलीत भरून वाहायची. दोघं मिळून एक जोडी. हजेरीला नाव पुरुषाचं, पुढे नुसतं ‘जोडी’. बायकोचं नाव कुणी विचारलं नाही. मावशी म्हणाली, तिच्या आईचं नाव खाणीवर कुणालाच माहीत नव्हतं, अमक्याची जोडी एवढंच.

तान्ही पोरं खाणीच्या तोंडाशी टोपल्यांत ठेवायची. सांभाळायला एकच मुलगी, ती म्हणजे मावशी. तेव्हा तिचं वय एकोणीस. एकटी पंधरा-पंधरा पोरं कशी सांभाळायचीस, म्हणून विचारलं. ती म्हणाली, अफूचा थेंब, बोटाने टाळ्याला लावायचा. मग झोपतात. तेव्हा सगळेच लावायचे.

ते खाणीचं तोंड कुठे होतं, विचारलं. तिने मागच्या अंगणाकडे हनुवटी केली आणि उठून केर काढायला लागली.

चौकात एक दगड आहे, अकरा नावांचा. बेचाळीस वर्षांपूर्वी जुन्या खाणीत पाणी घुसलं, त्यात गेलेले. मुकादम अभिमानाने दाखवतो. अकरा पुरुष.

सोमवार, १७ मार्च

सकाळी आवाराच्या फाटकावर कागद लागला. मोठी मागणी आलीय म्हणून दहाची सुट्टी बंद. एकची राहील, पण पाव तास.

आठ मिनिटं यायला, आठ जायला. पाव तासात पाजायचं काय, वारा?

संध्याकाळी बायका इथेच जमल्या. हसरी म्हणाली, मी सकाळी एकदा आणि घरी गेल्यावर एकदाच पाजू शकेन, मधे नऊ तास. वकिलाच्या आईने सुचवलं की सगळ्यांनी मिळून पट्टा थांबवायचा. एकेक जण पोर कडेवर घेऊन उठली. फाटकाबाहेर रोज सकाळी तीस-चाळीस बाया कामाच्या आशेने उभ्या असतात, ते प्रत्येकीने बघितलेलं आहे.

मी मुकादमाकडे गेले. त्याने ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, ताई, मलाही चार पोरं आहेत. पण कागद वरून आलाय. वरून म्हणजे कुठून विचारलं, तर त्यालाही नीट सांगता येईना.

मंगळवार, १८ मार्च

दहा ते एक. असं रडणं मी जन्मात ऐकलं नाही. वरचं दूध वाटी-चमच्याने पाजायला बघितलं, निम्म्यांनी थुंकून टाकलं. ढब्बूचा आवाज बसला. मी चिंगीला पाजायला घेतलं की बाकीच्या अकरांचे डोळे माझ्याकडे. शेवटी खोलीत दार लावून पाजलं, चोरासारखं.

मावशी मागच्या दाराशी बसून होती. म्हणाली, यांना गप्प करा ताई, असं रडणं खालीसुद्धा ऐकू जातं. मी म्हटलं, मग मी काय करू, अफू देऊ? ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. फार लागेल असं बोलले का मी?

बुधवार, १९ मार्च

मुकादमाला देव आठवला असावा, असं दुपारी एकपर्यंत वाटत होतं.

सुट्टी बंद झाली तरी दहाचा भोंगा होतोच. तो झाला तेव्हा मी बाहेर नळावर लंगोट पिळत होते. रडण्याचा कल्लोळ चालला होता तो एकदम थांबला. धावत आत आले, तर आया बसलेल्या. नेहमीसारख्या ओळीने, भिंतीकडे तोंड करून, डोक्याला फडकी. एवढा आनंद झाला! म्हटलं, अगं, सोडलं का तुम्हाला? कुणी उत्तर दिलं नाही. घाईत असतील म्हणून मी पुन्हा बाहेर गेले, त्यांचा वेळ मोडू नये. परत आले तो सगळ्या निघून गेलेल्या, बाळं पाळण्यात गाढ.

एकला हसरी धापा टाकत आली, मागून बाकीच्या; जाता-येता जिवाच्या आकांताने पळून कशीबशी चार मिनिटं वाचवतात. ढब्बूने तोंडच लावलं नाही. एकाही बाळाने लावलं नाही. हसरी म्हणाली, ताई, काय पाजलंत याला, पोट टम्म आहे? मी म्हटलं, तूच नाही का दहाला येऊन गेलीस?

तिने ढब्बूला छातीशी ओढलं. दहाला पट्ट्यावरून एकही बाई हलली नव्हती.

जमीन ओली होती. भिंतीच्या कडेने, अकरा जागी.

गुरुवार, २० मार्च

आज मुद्दाम आत थांबले. पुढचं दार लावलं, मागच्याला कडी घातली, दुपटी घडी करत बसले. भोंगा झाला. कडी हलली नाही. मी मान वर केली तेव्हा त्या आत होत्या.

कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. काळं पाणी. तोंडं भिंतीकडे. बाळं चुटूचुटू पीत होती, बाकी कसलाच आवाज नाही, श्वासाचासुद्धा नाही. मला उठायचं होतं. हातातलं दुपटं मी घडी घालतच राहिले, उलगडून पुन्हा घडी.

पिऊन झाल्यावर एकेकीने बाळ खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, ढेकर काढली. हे बघून मला रडू फुटलं. कुठलीही आई काढते तशीच. मग पाळण्यात ठेवलं.

मग नव्हत्या.

तीन बादल्या पाणी पुसलं. मावशी माझ्याबरोबर पुसत होती. तेव्हा तिने सांगितलं.

त्या दिवशी खाली अकरा पुरुष होते, आणि बारा बाया. बायकांनी खाली उतरायचं नाही असा कायदा त्याच वर्षी झाला होता. कागदावर त्या नव्हत्याच. पाणी घुसल्यावर तीन दिवसांत अकरा पुरुषांची प्रेतं वर आली. हजेरीशी आकडा जुळला. पंप बंद केले. बाया वरच्या अंगाच्या बोगद्यात चढल्या होत्या, त्या ठोकत होत्या, वर ऐकू येत होतं. गावातली माणसं जाऊन पाया पडली. साहेबाने हजेरी दाखवली आणि विचारलं, कुठल्या बाया? दोन दिवस ठोकलं. मग सिमेंट ओतलं.

आणि त्या दोन्ही दिवशी पोरं टोपल्यांत रडत होती, मावशी म्हणाली. त्यांना ऐकू गेलं असणार.

शुक्रवार, २१ मार्च

मुकादमाला सांगितलं. तो चिडला नाही. बंद खाणीतून कधी कधी वायू झिरपतो, त्याने भास होतात, खिडक्या उघड्या ठेवा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. दगडावरच्या अकरा नावांत एक त्याच्या वडिलांचं आहे, हे मला आज कळलं. म्हणजे बारांत एक त्याची आई. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, माझी आई मी लहान असताना गेली, कशाने ते घरात कुणी बोलत नाही. आणि छत्री उघडून बाहेर पडला. छपराखालीच उघडली.

मग आयांना सांगितलं. वाटलं होतं, किंचाळतील, पोरं उचलून नेतील. त्या उभ्या राहिल्या, नखांतला कोळसा कोरत. त्यांना परवापासून माहीत होतं. हसरी म्हणाली, ‘ताई, निदान पोट तरी भरतंय. मी काय करू, उपाशी ठेवू?’

मी जाऊन पाळण्यांतली दुपटी बदलायला लागले.

सोमवार, २४ मार्च

अकरा बसतात. एक उभी असते. मागच्या दाराशी, हात रिकामे. इतके दिवस मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

चिंगीला मी पाजते, म्हणून तिच्या वाट्याला कुणी नाही.

तरुण आहे. चिंगी माझ्या कडेवर असते तेव्हा तीही एका बाजूने कंबर जराशी बाहेर काढून उभी राहते, आपण मूल घेतल्यावर राहतो तशी. मावशी त्या वेळी खोलीत थांबत नाही.

बाळं जड झालीत. उचलताना कंबर भरून येते. गुबगुबीत, शांत. वकील हातवारे करत नाही. रडूबाई चार दिवसांत रडलेली नाही. अंगं गार लागतात.

बुधवार, २६ मार्च

ढब्बू.

एकचा भोंगा होऊन हसरी आली, तिने पाळण्यातून उचलला, आणि तशीच उभी राहिली. मीच घेतला तिच्या हातातून. दोन्ही हात वर केलेले होते त्याने. ओठांना कोळसा.

डॉक्टर आले. पाच मिनिटं. लिहिलं, आईच्या निष्काळजीपणामुळे. मी म्हटलं, ती पट्ट्यावर होती, मी साक्षीदार आहे. ते म्हणाले, मग तुमच्या निष्काळजीपणामुळे लिहू का? मी गप्प बसले. देवा, मी गप्प बसले.

हसरी उद्या कामावर आहे. तिला अजून एक मुलगी आहे, चार वर्षांची.

गुरुवार, २७ मार्च

मागच्या दाराला फळ्या ठोकल्या. अकरातले दहा उरलेत. दहाला त्या आल्याच, एक जण रिकामी मांडी घेऊन बसली. मी पुढे होऊन रडूबाईला ओढायचा प्रयत्न केला. तिच्या अंगावरचा तो हात माझ्या हाताला लागला. खांद्यापर्यंत बधिर झाले. अजून बोटं नीट वळत नाहीत, अक्षर बघा कसं येतंय.

संध्याकाळी आयांना म्हटलं, उद्यापासून घरी ठेवा पोरं. वकिलाच्या आईने विचारलं, कुणाजवळ? सासू पट्ट्यावर, नणंद पट्ट्यावर. एकीने तर वेड्यासारखं विचारलं, वरचं दूध घेईल का आता? आम्ही घोटभर देऊन बघितलं. कुणी घेतलं नाही.

आजच पत्र टाकलं दादाला.

शुक्रवार, २८ मार्च

ऑफिसातून बोलावणं आलं, ढब्बूच्या कागदावर सही करायला. साडेनऊला. मी चिंगीला बरोबर घेत होते. मावशी म्हणाली, तिथे धूर फार, पाच मिनिटांचं काम, ठेवा माझ्याजवळ. चिंगी हसत गेली तिच्याकडे.

पाच मिनिटं नव्हतीच. बसवून ठेवलं. दहाचा भोंगा झाला तशी मी उठून पळत सुटले. चप्पल वाटेत गेली.

मावशी दारातच होती. हात मोकळे. मी आत बघितलं. ती आता बसलेली होती. पाठमोरी. तिच्या मांडीवरून चिंगीचे पाय लोंबत होते. चिंगी पाय हलवत होती, खुशीत असली की हलवते तसे.

मावशी माझ्या पायांवर पडली. ती माझी थोरली बहीण आहे, माझी ताई, म्हणाली. तिचं पोरगं मी सांभाळत होते, त्या दिवशी फार रडत होतं, मी एकाऐवजी दोन थेंब लावले. ती खाली ठोकत होती तेव्हा तिचं पोरगं माझ्या मांडीवर गार झालेलं होतं. बेचाळीस वर्षांनी आली आणि रोज रिकाम्या हाताने परत जाते, ताई, मला बघवत नाही.

मी तिला मारलं. म्हाताऱ्या बाईला. तिने हात वर केला नाही.

शनिवार, २९ मार्च

चिंगी माझं दूध घेत नाही. तोंड वळवते. माझी छाती दगडासारखी झालीय, ताप भरलाय. दहाला तिला घेऊन गावाबाहेर गेले, फाट्यापर्यंत. तिथे भोंगा ऐकू येत नाही. चिंगीला आला. दहा वाजता ती गावाकडे बघून इतकी रडली की निळी पडली.

दादाचं उत्तर नाही. उत्तराची वाट बघणार नाही.

मंगळवार, १ एप्रिल

दादाकडे. वहिनीने दारातच चिंगीला घेतलं आणि म्हणाली, अगोबाई, किती गार. मग रात्रभर जागून हिला शेकलं. मी वहिनीबद्दल काय काय लिहिलंय पहिल्या पानावर.

दूध नाही. माझं नाही, वरचं नाही, साखरपाणी नाही. ओठाला लावलं की बाहेर.

गुरुवार, ३ एप्रिल

इथल्या डॉक्टरांनी नळीने घातलं. तेही बाहेर. काळं. त्यांनी विचारलं, हिने काय खाल्लं? मी सगळं सांगितलं. त्यांनी दादाला बाजूला नेलं, माझ्याबद्दल बोलायला.

चिंगीची टाळू खोल गेली आहे. डोळे उघडत नाही. दादा म्हणतो, धीर धर. वहिनीने विचारलं, तिथे पीत होती का? मी हो म्हटलं. वहिनी म्हणाली, मग ने तिला. कुणी का पाजेना, जगेल तर खरी.

मला हसरीच आठवली.

शुक्रवार, ४ एप्रिल

परत. फाट्यापाशी बस वळली तेव्हा चिंगीने डोळे उघडले.

दहाला ती उभीच होती, दोन्ही हात पुढे करून. मी — मीच दिलं. माझ्या हाताने. काय करणार होते? कुणीतरी सांगा, मी काय करणार होते?

चिंगी प्यायली. गालांवर रंग आला.

शनिवार, ५ एप्रिल

वकील गेला. झोपाळूही. एकाच दिवशी. पट्टा थांबला नाही.

मावशी आज तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, ताई, मी आलेय, मला घेऊन जा, पोरीला सोड. ती तिच्या अंगावरून पुढे गेली, खांबावरून जावं तशी. मावशी नंतर म्हणाली, ती रागावलेली असती तर बरं झालं असतं. तिने मला ओळखलंच नाही.

सोमवार, ७ एप्रिल

जड. आता दोन्ही हात लागतात. गार. हसते, पण माझ्याकडे बघून नाही.

फाटकावर नवा कागद. एकची सुट्टीही बंद. पाळणाघरातून तक्रार नाही, पोरं शांत असतात, म्हणून.

मुकादम आला होता. दहाला दाराबाहेर उभा राहिला, आत आला नाही. खिडकीतून एकेकीच्या पाठीकडे बघत होता, बराच वेळ. यातली कुठली असेल, असं त्याने मला विचारलं. मला काय ठाऊक? त्या गेल्यावर डोळे पुसून आवारात गेला. कागद फाडला नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

पावणेदहा. ठरवलं. देणार नाही. आज प्यायली तर उद्या — ओठांच्या कडा काळ्या झाल्यात, ढब्बूच्या झाल्या होत्या तशा. नाही प्यायली तरी — काहीही होवो, माझ्याजवळ होईल.

चादरीने छातीशी बांधलीय. तीन गाठी. पाठ भिंतीला. लिहितेय कारण हातात काहीतरी धरायला हवं.

मावशी बाहेर अंगणात ओट्यावर पालथी पडलीय, कान लावून. उठत नाही.

भोंगा.

बसल्या. सगळ्या. आठ जणींच्या मांडीवर बाळ. तिघी तशाच.

ती समोर आहे. बघतेय. किती लहान आहे ही, वीसची तरी — पाणी माझ्या पायांवर ठिबकतंय. हात पुढे. ओढत नाही. नुसती उभी. कामावरून आलेली आई दारात उभी राहते तशी, दे म्हणून.

नाही. मी नाही म्हटलं. मोठ्याने. माझी आहे म्हटलं. मी जन्म —

चिंगी वळली. बांधलेली असून वळली. तिच्याकडे. दोन्ही हात बाहेर काढले. आणि बोलली. पहिल्यांदा बोलली माझी — आई म्हणाली. स्पष्ट. आई.

मला नाही —

गाठ ओली झालीय. सुटतेय. मी धरलंय, मी सोडलं नाही, मी घट्ट — बोटं वळत नाहीत, बोटंच —

चिंगे, इकडे बघ. चिंगे, मी इ